जलरंगांची वही

सकाळच्या वेळी गिरगाव चौपाटीवर एखादा मुलगा रंगपेटी उघडून बसलेला असतो. समोर शांत समुद्र, पलीकडे मलबार टेकडी आणि वर फिकट निळे आकाश. तो वहीच्या पानावर निळ्या रंगाचा पहिला हात देतो. क्षणभर आकाश मोठे सुरेख दिसते. मग पान फुगते, त्याच्या खळग्यांत पाणी साचते, डाग पडतात आणि पुन्हा कुंचला फिरविताच कागदाची लव निघू लागते. 'आपल्याला चित्रकला जमणारच नाही,' असे म्हणून तो वही मिटून टाकतो. परंतु पुष्कळदा हा दोष हाताचा नसतो. तो कागदाचा असतो.

कागद हा वनस्पतीच्या बारीक तंतूंचा बनलेला असतो. पाणी लागले की हे तंतू फुगतात. ओला झालेला भाग पसरू पाहतो आणि भोवतीचा कोरडा भाग त्याला पसरू देत नाही. म्हणून पानाला लाटा येतात. कागद जितका पातळ, तितक्या या लाटा अधिक. कागदाचे वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम, या मापाने सांगतात. जलरंगाचा चांगला कागद साधारणतः ३०० ग्रॅमचा असतो. त्याहून पातळ कागद वापरावयाचा असल्यास तो प्रथम भिजवून, चारही कडा डिंकाच्या पट्टीने फळीवर चिकटवून वाळू द्यावा. वाळताना तो आकसतो व ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसतो. अशा कागदावर मग लाटा येत नाहीत.

वजनाइतकेच महत्त्व खळीला आहे. जलरंगाच्या कागदाला सरसासारख्या पदार्थाची खळ दिलेली असते. तिच्यामुळे रंग काही काळ पृष्ठभागावर राहतो व चित्रकाराला तो हवा तसा पसरविता येतो. खळ नसलेला कागद टीपकागदाप्रमाणे रंग एकदम शोषून घेतो. ही परीक्षा घरीही करता येते. कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब काही वेळ तसाच राहिला, तर खळ चांगली आहे. तो लगेच जिरून मागील बाजूस उमटला, तर तो कागद पेन्सिलीसाठी ठेवावा.

कागदाचा पृष्ठभाग तीन प्रकारचा असतो: गुळगुळीत, मध्यम आणि खडबडीत. बारीक रेखाटनाला गुळगुळीत कागद बरा. खडबडीत कागदावरून जवळजवळ कोरडा कुंचला झरकन फिरविला, तर रंग केवळ उंचवट्यांवर लागतो, खळगे पांढरे राहतात आणि पाण्यावर चमकणाऱ्या उन्हाचा भास होतो. नवशिक्याने मध्यम पृष्ठभाग निवडावा. वही शिवणीची, सपाट उघडणारी आणि दप्तरात मावेल एवढीच असावी.

पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो. पोस्टरचा रंग कागदाला झाकून टाकतो. जलरंग मात्र काचेसारखा असून त्यातून कागद उजळतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र आजही म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात पाहावयास मिळते. त्यात एक स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे. दिव्याच्या ज्योतीआड तिने हात धरला असून बोटांतून तांबूस प्रकाश पाझरतो आहे. हे तैलचित्र नव्हे. कागदावर जलरंगांनी काढलेले चित्र आहे!

रंग म्हणजे बारीक कुटलेली रंगद्रव्ये आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक यांचे मिश्रण होय. ते वड्यांच्या किंवा नळ्यांच्या रूपात मिळतात. वड्यांची पेटी प्रवासात सोयीची असते. चोवीस हलक्या रंगांपेक्षा सहा चांगले रंग अधिक उपयोगी पडतात. पिवळा, तांबडा व निळा यांच्या मिश्रणातून कितीतरी छटा साधता येतात. पूर्वी असे बहुतेक साहित्य परदेशातून येई. १९३१ साली दांडेकर बंधूंनी गिरगावात शाई बनविण्याचा लहानसा उद्योग सुरू केला. त्यातूनच वाढलेल्या 'कॅमलिन'ने पुढे रंगही बनविले आणि शाळाशाळांतून रंगपेट्या पोहोचविल्या.

कुंचला गोल, मध्यम आकाराचा, पाण्यात बुडवून झटकल्यावर टोक धरणारा असावा. मुंगसाच्या केसांचा कुंचला मात्र घेऊ नये. त्यासाठी मुंगसांची हत्या होते आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला संरक्षण दिले आहे. कृत्रिम केसांचे कुंचले आता चांगले मिळतात. काम संपल्यावर कुंचला धुऊन आडवा वाळवावा. पाण्याच्या भांड्यात उभा ठेवल्यास त्याचे टोक वाकते.

मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. दमट हवेत रंग लवकर वाळत नाही. पहिला हात ओला असतानाच दुसरा दिला, तर रंग गढूळ होतो; म्हणून धीर धरावा. कागदही ओल शोषून घेतो. त्याची खळ बिघडते आणि त्यावर बुरशीचे ठिपके पडतात. यासाठी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओलसर भिंतीपासून दूर ठेवावी.

एवढी काळजी कशासाठी? १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकासाठी महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी चित्रे काढली. त्यांतून त्या काळच्या मुंबईची माणसे व त्यांचे पोशाख आजही डोळ्यांपुढे उभे राहतात. परळ-लालबागच्या आकाशात एके काळी गिरण्यांच्या धुरांड्यांची रांग दिसे. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, बहुतेक धुरांडी पाडली गेली आणि कित्येक चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. आज एखाद्या मुलाने आपल्या चाळीचा जिना, दादरचा फुलबाजार किंवा लालबागेतील मूर्तिकाराची कार्यशाळा वहीत उतरविली, तर उद्या तेच पान त्या जागेची आठवण सांगेल. मात्र ते पान टिकले पाहिजे. आणि ते टिकणे कागद निवडण्याच्या क्षणापासूनच सुरू होते.