आधी कॅल्शियम फोडा, मग स्टेंट बसवा

हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधले ११५५ अडथळे दोन पद्धतींनी तपासले, तेव्हा दोन वेगळीच उत्तरं मिळाली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रक्तवाहिनीच्या आत सोनोग्राफीची बारीक नळी घालून पाहिल्यावर ७३ टक्के अडथळ्यांत कॅल्शियम सापडलं. नेहमीच्या अँजिओग्राफीत ते फक्त ३८ टक्के अडथळ्यांत दिसलं होतं. अँजिओग्राफीत डाय कुठून वाहतो हे कळतं, पण भिंतीत काय साचलंय हे फारसं कळत नाही. आणि स्टेंट नीट बसणार की नाही, हे त्या भिंतीवरच ठरतं.

अशा रुग्णांची संख्या थोडीथोडकी नाही. हार्ट अटॅक किंवा त्याच्या उंबरठ्यावरच्या अवस्थेत अँजिओप्लास्टी झालेल्या ६८५५ रुग्णांची माहिती २०१४ मध्ये एकत्र करून अभ्यासली गेली. त्यांतल्या २६.१ टक्के रुग्णांच्या अडथळ्यांत मध्यम, तर ५.९ टक्के रुग्णांत तीव्र प्रमाणात कॅल्शियम होतं. म्हणजे जवळपास दर तिघांत एक. वय, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे जुने आजार यांच्याबरोबर हे प्रमाण वाढत जातं.

अर्ध्या मिलिमीटरची किंमत

आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली. त्या सुरुवातीच्या काळात लहान, सुटे आणि कॅल्शियम नसलेले अडथळेच या उपचारासाठी योग्य मानले जात. कारण उघड आहे. मऊ चरबीचा थर फुग्याच्या दाबाखाली बाजूला सरकतो, कॅल्शियमचं कवच सरकत नाही. गाडीच्या टायरमध्ये साधारण दोन वातावरण इतका दाब असतो. कडक अडथळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फुग्यात वीस किंवा त्याहून जास्त वातावरणांचा दाब भरतात, तरीही काही कवचं फुटत नाहीत. कॅल्शियम एकाच बाजूला असेल, तर फुगा समोरच्या मऊ बाजूला रेटा देतो आणि तिथली भिंत चिरण्याचा धोका वाढतो.

अशा जागी स्टेंट बसवला तर काय होतं, ते भूमितीने पाहू. ३ मिमी व्यासाचा स्टेंट पूर्ण उघडला, तर आतलं क्षेत्रफळ ७.०७ चौरस मिमी होतं. तोच स्टेंट २.५ मिमीवर अडकला, तर उरतात ४.९१ चौरस मिमी. व्यास अर्धा मिलिमीटर कमी, पण वाट तब्बल ३० टक्के अरुंद. अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याची आणि तो पुन्हा अरुंद होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून बाजूच्या निरोगी रक्तवाहिनीच्या तुलनेत स्टेंट किमान ८० टक्के उघडावा, असं उद्दिष्ट डॉक्टर ठेवतात.

स्कोअर वेगळा, मोजमाप वेगळं

रुग्णाच्या हातात बहुधा सीटी स्कॅनचा कॅल्शियम स्कोअर असतो. आर्थर अॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली. शून्य म्हणजे सीटीत दिसणारं कॅल्शियम नाही, ४०० च्या वर म्हणजे भरपूर. पुढच्या काही वर्षांतला हार्ट अटॅकचा धोका ओळखायला हा आकडा उपयोगी आहे. पण तो सगळ्या रक्तवाहिन्यांची गोळाबेरीज असतो. अमुक एका जागी स्टेंट उघडेल का, याचं उत्तर त्यात नसतं.

त्यासाठी रक्तवाहिनीच्या आतून प्रकाशकिरणांनी चित्र घेणारी ओसीटी तपासणी लागते. २०१८ मध्ये तिच्यावर आधारित चार गुणांची मोजणी मांडली गेली. कॅल्शियमने १८० अंशांपेक्षा जास्त घेर व्यापला असेल तर २ गुण, जाडी अर्ध्या मिमीपेक्षा जास्त असेल तर १, लांबी ५ मिमीपेक्षा जास्त असेल तर १. चारही गुण भरले, तर आधी कवच मोडल्याशिवाय स्टेंट पुरेसा न उघडण्याची शक्यता बरीच. सोनोग्राफीतही घेर दिसतो. पण ध्वनिलहरी कॅल्शियमवरून परतत असल्यामुळे जाडी मोजता येत नाही.

कवच मोडण्याच्या तऱ्हा

रोटॅब्लेशनमध्ये हिऱ्याच्या कणांचा लेप असलेलं टोक मिनिटाला सुमारे १,४०,००० ते १,८०,००० फेरे घेत कॅल्शियम घासून काढतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २४० रुग्णांवरच्या जर्मन चाचणीत रोटॅब्लेशन केलेल्या गटात ठरलेली प्रक्रिया ९२.५ टक्के रुग्णांत यशस्वी झाली, केवळ फुगा वापरलेल्या गटात ८३.३ टक्के. मात्र नऊ महिन्यांनी स्टेंटमधली वाट रोटॅब्लेशन गटात सरासरी ०.४४ मिमी, तर फुग्याच्या गटात ०.३१ मिमी अरुंद झाली होती.

ऑर्बिटल अथेरेक्टमी हे याच जातीचं दुसरं यंत्र. अमेरिकेतल्या १०४ केंद्रांत २००५ रुग्णांवर त्याची फुग्याशी तुलना झाली. वर्षभरात त्याच रक्तवाहिनीशी निगडित गंभीर घटना यंत्राच्या गटात ११.५ टक्के, फुग्याच्या गटात १० टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. कॅल्शियम दिसलं की सरसकट यंत्र फिरवावं, या समजाला या निकालाने आधार दिला नाही.

तिसरी तऱ्हा मूतखडा फोडण्याच्या तंत्रातून आली. इंट्राव्हॅस्क्युलर लिथोट्रिप्सीत फुगा केवळ ४ वातावरण दाबाने फुगवतात आणि आतून ध्वनिलहरींचे ठोके देतात, त्यांनी कवचाला भेगा पडतात. ३८४ रुग्णांच्या चाचणीत ९२.२ टक्के रुग्णांना ३० दिवसांत हृदयाच्या कारणाने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा त्याच रक्तवाहिनीवर पुन्हा उपचार यांपैकी काही झालं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत या पद्धतीला मान्यता मिळाली. पण त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरू नये.

भारतात याला पैशांचीही बाजू आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. अशी मर्यादा स्टेंटपुरती असते, फुगे आणि कॅथेटर बिलात वेगळे लागतात. साहजिकच कॅल्शियम असलेल्या रुग्णाच्या बिलात स्टेंटपेक्षा आधीच्या तयारीचा खर्च जास्त असू शकतो. म्हणून घरच्यांनी स्टेंट कोणत्या कंपनीचा, एवढंच विचारून थांबू नये. कॅल्शियमचा घेर आणि जाडी आतून पाहिली का, आणि शेवटी स्टेंट किती टक्के उघडला, हेही विचारावं.