बिदर ते बंगळुरू: किलोमीटर स्वस्त, उड्डाण महाग

बिदर आणि बंगळुरू ही शहरं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ५२० किलोमीटर. उंची गाठलेलं जेट ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे पळतं, म्हणजे भागाकाराने चाळीस मिनिटांत बंगळुरू यायला हवं. बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरहून निघणाऱ्याने या हिशोबावर विसंबू नये. मुंबई-हैदराबाद हवाई अंतर सुमारे ६२० किलोमीटर आणि वेळापत्रकातला वेळ साधारण दीड तास. मुंबई-दिल्ली सुमारे ११४० किलोमीटर, वेळ सव्वादोन तासांच्या आसपास. जास्तीचे ५२० किलोमीटर पाऊण तासात उरकले! याच दराने हैदराबादला ५४ मिनिटं पुरायला हवी होती. उरलेली पस्तीसेक मिनिटं अंतराची नव्हेतच. विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ वेळापत्रकात धरतात, आणि धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, वेग कमी करत उतरणं हे रिक्षाच्या किमान भाड्यासारखं असतं. जवळ जा की लांब, द्यावंच लागतं. तेव्हा बिदर-बंगळुरूचा हिशोब ४५ अधिक ३५, म्हणजे एक तास वीस मिनिटं.

यावर कोणी वाऱ्याकडे बोट दाखवील. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात, पूर्वेला जाणारी विमानं त्यामुळे लवकर पोचतात, हे खरंच. पण आपला मार्ग उत्तर-दक्षिण, वारा बहुतेक आडवा लागतो. बिदर लहान, तिथे विमानांची रांग कसली, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्यापोटी काही मिनिटं वजा करावीत. मात्र चढण-उतरण लहान होत नाही आणि बंगळुरूची गर्दी आहेच. मग विमानच वेगवान आणलं तर? फेब्रुवारी २०२० मध्ये सेवा सुरू झाली ती पंख्याच्या एटीआर विमानाने, ताशी सुमारे ५०० किलोमीटरने उडणाऱ्या. पुढे जेट आलं. या अंतरावर त्याने वाचवलेला वेळ वीस मिनिटांच्या आतच.

तेवढी मिनिटं हुलसूर-भालकी-बिदर रस्त्यावर सहज जातात. गावातून बिदर तास-दीड तास, विमानतळावर तासभर आधी हजर राहणं, उड्डाण, मग देवनहळ्ळीच्या विमानतळाहून बंगळुरू शहरात शिरायला आणखी तास: घरापासून कामापर्यंत पाच तास धरावेत. रेल्वेची अख्खी रात्र वाचते, म्हणून विमान निरुपयोगी अजिबात नाही. पण बिदरची सेवा सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते; डिसेंबर २०२३ मध्ये थांबलेली ती एप्रिल २०२५ मध्ये परतली. बंद काळात हुलसूरकराला हैदराबादचं शमशाबाद विमानतळ गाठावं लागतं, रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चारेक तास. जेटने वाचवलेली वीस मिनिटं तिथे कुठल्या कुठे जातात. नियमित उडणारं संथ एटीआरही हुलसूरकराला बंगळुरूत लवकर पोचवील.