अंड्यांचा पूल आणि विलोची छडी : मुलांना घेऊन प्रागचा ईस्टर

१३५७ साली सम्राट चौथा चार्ल्स प्रागमध्ये वल्तावा नदीवर दगडी पूल बांधायला घेतो. चुना घट्ट धरावा म्हणून त्यात अंडी कालवायचं ठरतं आणि गावोगावी निरोप जातो : अंडी पाठवा. गाड्याच्या गाड्या भरून अंडी येतात. वेल्वारी गावची माणसं जरा जास्तच काळजी घेणारी. वाटेत एकही अंडं फुटू नये म्हणून त्यांनी ती चांगली उकडून पाठवली!

ही दंतकथा. चार्ल्स पुलाच्या चुन्यात खरोखर अंडी आहेत का, याची तपासणी शास्त्रज्ञांनीही केली आणि अजून त्यांचं एकमत झालेलं नाही. मुलांना मात्र पुलावर उभं करून ही गोष्ट सांगा आणि लगेच वहीपेन काढायला लावा. पायाभरणीचा मुहूर्त असा सांगतात : १३५७ साल, ९ तारीख, ७वा महिना, पहाटेचे ५ वाजून ३१ मिनिटं. सगळे आकडे ओळीने लिहा : १३५७९७५३१. उलटं वाचा, सुलटं वाचा, तेच! पूल बघायचा तर सकाळी आठच्या आत. नंतर तिथे गर्दीतल्या पाठी तेवढ्या दिसतात.

वसंतात युरोपातल्या एखाद्या शहरात चार दिवस जायचं असेल आणि बरोबर पोरं असतील, तर माझं मत प्रागच्या पारड्यात. चेक लोक युरोपातल्या सर्वांत कमी धार्मिक लोकांत गणले जातात, तरी ईस्टर त्यांच्या घराघरात साजरा होतो. कारण हा सण हातांनी करायचा आहे. विणायचं, रंगवायचं, खडखडाट करायचा, कणीक मळायची. नुसतं बघून मुलं तासाभरात कंटाळतात. हाताला काम मिळालं की संध्याकाळ झाली तरी हलत नाहीत.

तारीख चंद्राला विचारा

ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते? नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यात कधीही. कॅलेंडर उघडून ताडून पाहा : २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ साली होळीची पौर्णिमा २२ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला. त्यात २०२७ची गंमत अशी, की ईस्टरच्याच पहाटे युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात. शनिवारी भारताशी साडेचार तासांचं अंतर, रविवारी साडेतीन. त्या दिवशीचं गाडीचं किंवा सहलीचं आरक्षण असेल तर गजर नीट लावा.

हा चंद्र भरदिवसा बघायचा असेल तर जुन्या शहराच्या चौकात जा. तिथलं ओर्लोय हे घड्याळ १४१० सालचं. चालू स्थितीतलं जगातलं सर्वांत जुनं खगोलशास्त्रीय घड्याळ म्हणून ते ओळखलं जातं. सकाळी ९ ते रात्री ११, दर तासाला लोक माना वर करून उभे राहतात. सांगाडा घंटा वाजवतो, दोन खिडक्यांमागून येशूचे बारा शिष्य सरकत जातात, शेवटी कोंबडा आरवतो. हा सोहळा मिनिटभरात आटोपतो आणि गर्दी पांगते. तुम्ही थांबा. तबकडीवर एक छोटा गोळा आहे, अर्धा चंदेरी, अर्धा काळा. तोच चंद्र. गोळ्याच्या आत बसवलेल्या वजनामुळे तो स्वतःभोवती सावकाश फिरतो आणि आजची कला दाखवतो. त्या आठवड्यात तो किती चंदेरी दिसतो ते मुलांना रोज टिपायला सांगा. ईस्टरची तारीख कशी ठरते हे त्यांना पुन्हा समजावून सांगावं लागणार नाही.

एका आठवड्यात किती नियम!

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात चेक दिनदर्शिकेत प्रत्येक दिवसाला नाव आहे आणि बहुतेकांना एकेक समजूत चिकटलेली आहे. बुधवार हा ‘कुरूप बुधवार’. या दिवशी कपाळाला आठ्या घातल्या तर वर्षभर प्रत्येक बुधवारी आठ्याच पडतात म्हणे! भावंडांची भांडणं मिटवायला यापेक्षा चांगला दिवस नाही. दुसऱ्या दिवशीच्या ‘हिरव्या गुरुवारी’ ताटात काहीतरी हिरवं हवं, मग पालक असो नाहीतर नेटल या खाजऱ्या झुडपाची कोवळी पानं. ‘मोठ्या शुक्रवारी’ जमीन खणायची नाही आणि कपडे धुवायचे नाहीत. त्याच दिवशी डोंगर उघडतात आणि आतला खजिना दिसतो, अशा लोककथाही आहेत. शनिवार पांढरा.

गुरुवारपासून चर्चच्या घंटा मुक्या होतात. मुलांना सांगतात, घंटा उडून रोमला गेल्या, शनिवारी परत येतील. तोवर घंटेचं काम पोरांकडे. लाकडी खडखडी फिरवत ती गावभर हिंडतात. घंटा बंद ठेवून लाकडी वाद्य वाजवण्याची रीत गोव्यातल्या चर्चमध्येही आहे. प्रागच्या गल्ल्यांत पोरांच्या अशा फेऱ्या आता क्वचित दिसतात, पण खडखड्या बाजारात विकायला असतात. एक जरूर घ्या, फक्त हॉटेलच्या खोलीत वाजवू देऊ नका.

क्रास्लित्से : अंड्यावरची कारागिरी

ईस्टरच्या साधारण दोन आठवडे आधीपासून प्रागच्या चौकांत लाकडी टपऱ्या उभ्या राहतात. मोठा बाजार जुन्या शहराच्या चौकात. रंगीत फिती आणि अंडी टांगलेली झाडं, लोकनृत्यं, मुलांसाठी हस्तकलेची टेबलं, सगळं तिथे. वेन्सेस्लास चौकातही बाजार असतो. लहान मूल कडेवर असेल तर मात्र नामेस्ती मीरू हा चौक बरा. तिथे टपऱ्या कमी आणि प्रागकर जास्त.

रंगवलेल्या अंड्यांना चेक लोक क्रास्लित्से म्हणतात. अंड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून आतला बलक फुंकून काढतात आणि रिकाम्या कवचावर काम सुरू होतं. प्रत्येक भागाची रीत वेगळी. कुठे टाचणीच्या डोक्याने गरम मेणाचे ठिपके आणि शेपट्या काढतात, अंडं रंगात बुडवतात, मग मेणबत्तीजवळ धरून मेण पुसून घेतात. मेणाखालचं कवच पांढरंच राहिलेलं असतं. कुठे रंगवलेल्या कवचावर धारदार टोकाने खरवडून फुलं उमटवतात. मोराव्हियातल्या हाना भागात जवाचं काड भिजवून, चिरून, सपाट करून, त्याचे बारीक तुकडे अंड्यावर चिकटवतात. आणि सगळ्यांत अचंबा वाटतो तो तारेच्या कामाचा. फुटक्या मडक्यांना तार गुंडाळून सांधणाऱ्या कारागिरांची कला इथे अंड्याच्या कवचावर उतरते. कवचाला तडा जात नाही!

अशी अंडी विकणाऱ्या बाईंपुढे दोन मिनिटं उभं राहा. बरेचदा त्या तिथेच काम करत बसलेल्या असतात. छापील स्टिकर लावलेली लाकडी अंडीही शेजारी मिळतात, स्वस्त आणि न फुटणारी. मी म्हणेन, एकच घ्या पण हाताने केलेलं घ्या. ते सामानात नेण्यासाठी वाणसामानाच्या दुकानातल्या अंड्यांचं पुठ्ठ्याचं खोकं उत्तम.

घरगुती प्रयोग करायचा असेल आणि राहत्या जागी स्वयंपाकघर असेल, तर कांद्याची सालं साठवा. पांढऱ्या अंड्यावर कोथिंबिरीचं किंवा पार्सलीचं पान ठेवून जुन्या पातळ मोज्यात घट्ट बांधा, सालांच्या पाण्यात उकळा. बाहेर येतं ते तांबूस अंडं, त्यावर पानाची फिकट नक्षी. रंगाच्या बाटलीचा खर्च नाही आणि दुसऱ्या दिवशीची न्याहारीही तयार.

सोमवारी छडी!

आता या सणातला सर्वांत चमत्कारिक प्रकार. ईस्टरच्या सोमवारी सकाळी मुलगे विलोच्या कोवळ्या फांद्यांची विणलेली छडी घेऊन निघतात आणि शिमग्याचं पोस्त मागावं तसे घरोघर फिरतात. घरातल्या मुलीबायकांच्या पायांवर त्या छडीने हलके फटके मारायचे, गाणं म्हणायचं आणि बदल्यात रंगीत अंडं घ्यायचं. मुली छडीला रंगीत फीत बांधतात. छडीचं नाव पोमलाझ्का. रसरशीत फांदीचा ताजेपणा माणसात उतरतो, वर्षभर प्रकृती ठणठणीत राहते, ही त्यामागची समजूत. चौदाव्या शतकात प्रागमध्ये प्रवचनं करणाऱ्या कोनराड वाल्डहाउझरच्या लिखाणात या प्रथेचा उल्लेख येतो, म्हणजे ती जवळपास चार्ल्स पुलाच्या वयाची. काही गावांत दुपारनंतर डाव उलटतो आणि मुली मुलांवर पाणी ओततात.

आजच्या चेक घरांतही यावर मतभेद आहेत, आणि असायलाच हवेत. आपल्या मुलांना घेऊन जाताना नियम सरळ ठेवा : समोरच्याने हसून ‘हो’ म्हटल्याशिवाय छडी उचलायची नाही. विणण्याची मजा मात्र सगळ्यांनी घ्यावी, मुलींनीसुद्धा. साधारणतः आठ फांद्या घेतात. बाजारातले कारागीर शिकवतात. फांद्या ताज्या असाव्यात, नाहीतर वाकवताना मोडतात. बोटं दुखतात, दोनदा उसवावं लागतं, आणि तिसऱ्यांदा जमलं की पोरांचा चेहरा बघावा.

सोमवारी प्राग शांत असतं, बरेच लोक गावी गेलेले असतात. जुनं खेडं बघायचं तर शहराच्या पूर्वेला प्रेरोव्ह नाद लाबेम इथे १८९५ पासूनचं खुलं संग्रहालय आहे. लाकडी घरं, जुनी स्वयंपाकघरं आणि ईस्टरच्या सुमारास त्यांत मांडलेला सण.

ताटात काय?

बेरानेक म्हणजे कोकराच्या आकाराचा केक. दोन भागांच्या साच्यात भाजतात, मनुकांचे डोळे लावतात, वर पिठीसाखर भुरभुरवतात. कान आधी कोणी खायचे यावर घरात वाद ठरलेला! माझानेत्स हा गोल गोडसर पाव, मनुका आणि बदाम घातलेला, माथ्यावर क्रुसाची चीर. गुरुवारी यिदाशे नावाचे पिळाचे छोटे पाव मधाबरोबर खातात. त्यांचा पीळ म्हणजे येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या गळ्यातला दोर. नादिव्का दिसायला हिरवीगार आणि शाकाहारी वाटते, पण पाव-अंडी-नेटलबरोबर तिच्यात बहुधा धुरावलेलं मांस असतं. विचारूनच घ्या.

आणि चौकाचौकात फिरत्या दांड्यावर भाजला जाणारा, दालचिनीचा वास सुटलेला त्रदेल्निक? ‘जुनी चेक मिठाई’ अशी पाटी असली तरी प्रागमध्ये त्याचं पेव अलीकडचं. युरोपीय संघाने २००७ साली ज्याला भौगोलिक मानांकन दिलं, तो त्रदेल्निक शेजारच्या स्लोव्हाकियातल्या स्कालिट्साचा. गरम असताना छानच लागतो.

नाशिककरांसाठी खास थांबा

दर फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूची यात्रा भरते आणि सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात. त्या भक्तीचा मूळ बाळ येशू प्रागमध्ये आहे! कार्मेलित्स्का रस्त्यावरच्या चर्चमध्ये मेणाची जेमतेम अर्ध्या मीटरची मूर्ती आहे. स्पेनहून आलेली ही मूर्ती पोलिक्सेना लोबकोविट्स या सरदारघराण्यातल्या बाईने १६२८ साली इथल्या कार्मेलाइट साधूंना दिली. मुलांना आवडेल ती गोष्ट पुढे आहे : या बाळाला कपडे किती! शंभराहून अधिक झगे, जगभरातून भेट आलेले. एक तर सम्राज्ञी मारिया तेरेसाने स्वतः भरतकाम केलेला. सणाप्रमाणे कपडे बदलतात : ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात जांभळे, ईस्टरला पांढरे किंवा सोनेरी. चर्चच्या एका कोपऱ्यातल्या जिन्याने वर गेलं की काचेआड ठेवलेले झगे बघता येतात. बाहेरच हेलिखोवा हा ट्रामचा थांबा आहे.

दुसरा ओळखीचा थांबा वेन्सेस्लास चौकात. तिथली १९२९ सालची काचेची इमारत आहे बाटाची. तोच बाटा, ज्याचे काळे बूट घालून आपल्या पिढ्या शाळेत गेल्या. टोमाश बाट्याने १८९४ साली चेक भूमीतल्या झ्लीन गावात कारखाना काढला होता. स्कोडाही चेकच, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात तिच्या गाड्या २००१ पासून जुळवल्या जातात.

पाय मोकळे करायला

पेत्रीन टेकडीवर एप्रिलमध्ये फळझाडं फुलतात. माथ्यावर १८९१ सालचा लोखंडी मनोरा आहे. १८८९ साली पॅरिसला जाऊन आयफेल टॉवर बघून आलेल्या चेक पर्यटक मंडळींनी आपल्याकडेही असं हवं म्हणून तो उभा केला. २९९ पायऱ्या, पोरं मोजतातच. शेजारी आरशांचा भुलभुलैया. पावसाचा दिवस निघाला, आणि एप्रिलमध्ये तो निघतोच, तर कठपुतळ्यांचा खेळ बघा. चेक आणि स्लोव्हाक कठपुतळीकलेला युनेस्कोने २०१६ साली वारशाच्या यादीत घेतलं आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मोठा शुक्रवार आणि ईस्टरचा सोमवार सुट्टीचे. सोमवारी २०० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं कायद्यानेच बंद, म्हणून दूध-पाव-फळं आदल्या दिवशी भरून ठेवा. १५ वर्षांखालच्या मुलांना ट्राम, बस, मेट्रो फुकट, पण वयाचा पुरावा खिशात हवा. स्वेटर आणि रेनकोट दोन्ही न्या.

आणि एक अख्खा दिवस त्रोयाच्या प्राणिसंग्रहालयाला द्या. १९३१ साली उघडलेलं हे संग्रहालय प्रझेवाल्स्की या रानटी घोड्यांच्या जगभरच्या वंशावळीची नोंदवही सांभाळतं आणि इथून हे घोडे विमानाने मंगोलियाच्या गवताळ रानात परत नेले गेले आहेत. आवार डोंगरउतारावर पसरलेलं आहे, त्यामुळे आतच खुर्च्यांची रोपवे आहे. होलेशोविट्से स्थानकावरून ११२ नंबरची बस थेट फाटकाशी सोडते. ईस्टरच्या सुट्टीत दहानंतर तिकिटाची रांग लांबते, म्हणून फाटक उघडायच्या वेळेलाच पोहोचा आणि आधी घोडे बघून घ्या.