मातृदुग्धपेढी : दानापासून वाटपापर्यंत

अपुऱ्या दिवसांचे वा अत्यल्प वजनाचे जे अर्भक, आईला पुरेसा पान्हा न फुटल्यामुळे किंवा ती स्वतःच अत्यवस्थ असल्यामुळे, हक्काच्या दुधास पारखे होते, त्याच्यासाठी इतर मातांचे दूध रीतसर जमा करण्याची व्यवस्था व्हिएन्नात १९०९ साली सुरू झाली. आशियात मात्र तिला मुहूर्त लाभला तो १९८९ च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने.

दात्री स्वतःच्या बाळाचे पोट भरून उरलेलेच दूध देते, मोबदला घेत नाही. आणि तिची लेखी संमती व एचआयव्ही, कावीळ ‘ब’, उपदंश यांच्या तपासण्यांचे दाखले दप्तरी दाखल झाल्याखेरीज ते दूध कोणासही पाजले जात नाही. ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे तापवून ते त्वरित थंड करतात व उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. जंतुपरीक्षेत दोष आढळल्यास सरळ ओतून देतात. या तापविण्यात विषाणूंबरोबर मेद पचविणारे पाचकरसही नष्ट होतात, म्हणून सख्ख्या आईच्या दुधाची सर त्यास येत नाही. तथापि आतड्याच्या कोथाचा धोका डब्याच्या दुधापेक्षा त्याने कमी होतो, ही गोष्ट लहान नव्हे.

नागपुरात, जेथे वैशाखात पारा ४५ अंशांना सहज भिडतो, घरी काढलेले दूध बर्फाच्या पेटीवाचून रुग्णालयात नेऊ पाहणे म्हणजे ते वाटेतच नासविणे होय. शेजारणीने परस्पर पाजण्याची जुनी वहिवाट मायेची खरी, परंतु तीत तपासणीस जागा नाही. पेढीतील दूध डॉक्टरांच्या शिफारशीने आणि पालकांच्या संमतीनेच मिळते.