घारीची नजर आणि माणसाचे डोळे

एखाद्याच्या दृष्टीतून काहीच सुटत नसले, की त्याला 'घारीची नजर' आहे असे आपण म्हणतो. पशुपक्ष्यांच्या दृष्टीविषयी माणसाला पूर्वापार कुतूहल वाटत आले आहे आणि त्या कुतूहलात थोडा हेवाही मिसळलेला आहे. आता जनुकशास्त्राच्या प्रगतीमुळे एक नवा प्रश्न पुढे येत आहे. ही नजर माणसाला देता येईल का? आणि येत असेल, तर ती द्यावी का?

प्रथम ही नजर कशी असते ते आपण पाहू. ऑस्ट्रेलियातील पाचरशेपटी गरुडाची दृष्टी माणसाच्या दुपटीहून अधिक तीक्ष्ण असते. आपल्या दृष्टिपटलावर सर्वांत स्पष्ट दिसणारी एक लहानशी खळगी असते. गरुडाच्या प्रत्येक डोळ्यात अशा दोन खळग्या असतात. एकीने तो समोरचे पाहतो आणि दुसरीने बाजूचे दूरवरचे भक्ष्य हेरतो. मधमाशीला आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. त्यामुळे फुलांच्या पाकळ्यांवरील मधाकडे नेणाऱ्या खुणा ती ओळखते. एका जातीचा पतंग चांदण्यांच्या अंधुक प्रकाशातही रंग ओळखू शकतो, हे २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवून दिले.

परंतु या देणग्यांना दुसरी बाजूही आहे. प्रकाश मंदावला, की गरुडाच्या दृष्टीची तीक्ष्णता झपाट्याने घटते. मधमाशीला तांबडा रंग दिसत नाही. समुद्रातील मँटिस श्रिम्प या प्राण्याच्या डोळ्यांत रंग टिपणारे १२ प्रकारचे ग्राहक असतात. आपल्याकडे ते केवळ ३ आहेत. तेव्हा त्याला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक रंगछटा दिसत असतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखण्यात तो माणसाच्या बराच मागे असल्याचे आढळले. डोळा केवळ प्रकाश टिपतो. त्याचा अर्थ लावण्याचे काम मेंदूला करावे लागते. प्रत्येक जीवाचा डोळा त्याच्या जगण्याला साजेसा घडलेला आहे. आपले नेत्रभिंग अतिनील किरण अडवते, ही वरवर उणीव वाटते. पण त्यामुळेच नाजूक दृष्टिपटलाचे रक्षण होते.

जनुकांच्या साहाय्याने दृष्टीत बदल घडवता येतो, हे मात्र सिद्ध झाले आहे. दक्षिण अमेरिकेतील स्क्विरल माकडांच्या नरांना तांबडा आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. अमेरिकेतील जे नाइट्झ, मॉरीन नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाटे मानवी रंगजनुक अशा दोन प्रौढ माकडांच्या दृष्टिपटलात पोहोचवले. सुमारे पाच महिन्यांनी ती माकडे हे रंग ओळखू लागली. २००९ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रौढ मेंदूही नवे रंग स्वीकारू शकतो हे पाहून अनेक जाणकार चकित झाले.

माणसाच्या बाबतीत हे तंत्र आजवर प्रामुख्याने उपचारासाठी वापरले गेले आहे. 'आरपीई ६५' या जनुकातील दोषामुळे लहानपणीच दृष्टी हरपत जाते. त्यावरील 'लक्सटर्ना' या जनुकोपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. आधी अंधुक प्रकाशात चाचपडणारी मुले उपचारानंतर वाटेतील अडथळे चुकवून चालू लागली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका अंध रुग्णाच्या दृष्टिपटलात शेवाळापासून मिळालेल्या प्रथिनाचे जनुक घालण्यात आले आणि विशेष चष्म्याच्या मदतीने त्याला समोरची वस्तू जाणवू लागली. अशा वार्ता ऐकून कोणाला आनंद होणार नाही?

उपचार आणि 'सुधारणा' यांतील सीमारेषा मात्र आपण ध्यानात ठेवली पाहिजे. गेलेली दृष्टी परत देणे वेगळे आणि निरोगी माणसाला गरुडाचे डोळे देऊ पाहणे वेगळे. व्हॅटिकनने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या 'दिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजात हाच भेद स्पष्ट केला आहे. रुग्णाच्या शरीरपेशींवर रोगनिवारणासाठी केलेला जनुकोपचार तत्त्वतः योग्य मानला आहे. पुढील पिढ्यांत उतरणारे बदल मात्र सद्यःस्थितीत नैतिकदृष्ट्या अग्राह्य ठरवले आहेत, कारण त्यांतील धोके जन्माला येणाऱ्या बालकाला भोगावे लागतात. केवळ गुणवर्धनासाठी केलेल्या बदलांमुळे माणसामाणसांत उच्चनीचता निर्माण होईल, असा इशाराही त्यात आहे. २०१८ साली चीनमध्ये जनुकबदल केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर झाले, तेव्हा ही चिंता काल्पनिक नसल्याचे जगाला कळून चुकले.

चष्मा किंवा दुर्बीण हीसुद्धा दृष्टी वाढवणारी साधनेच नव्हेत का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २०२५ साली शास्त्रज्ञांनी अवरक्त प्रकाश दाखवणारी कॉन्टॅक्ट लेन्सही तयार केली. परंतु ही साधने घालता येतात तशी काढूनही ठेवता येतात. बीजपेशींत केलेला बदल काढून ठेवता येत नाही आणि ज्याच्यावर तो लादला जातो त्याची संमती घेण्याचा कोणताही मार्ग नसतो.

शेवटी प्रश्न न्यायाचाही आहे. लक्सटर्ना बाजारात आले तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या उपचाराची किंमत साडेआठ लाख डॉलर होती. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान १०० कोटी लोकांचा दृष्टिदोष टाळता आला असता किंवा त्यावर अद्याप इलाज झालेला नाही. त्यांतील कित्येकांना केवळ चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हवी आहे. यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाने प्रभूकडे गरुडाची नजर मागितली नव्हती. त्याला केवळ दिसायला हवे होते. आपल्या शेजारच्या एखाद्या वृद्धेच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत असेल, तर तिला दवाखान्यात नेण्यासाठी आपल्याला कोणत्याही नव्या जनुकाची गरज नाही. आपल्या मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे, हे घरच्यांना आजच सांगून ठेवणेही आपल्या हाती आहे.