मुरलेल्या विद्येचा आडवा विचार

नव्या यंत्राविषयीं चार उत्साही माणसें बोलूं लागलीं म्हणजे त्यांच्या बोलण्यांत बहुधा आंकडेच फार येतात. पडद्यावर ठिपके किती, स्मरणसांठा किती, वेग किती, छायाचित्रें टिपणारीं भिंगें किती, अशी मोजदाद चालते. आणि ज्याचा आंकडा मोठा तें यंत्र श्रेष्ठ, असा निकाल लागतो. परंतु गेल्या शतकांत मुलांच्या व मोठ्यांच्याहि हातीं कोट्यवधि खेळयंत्रें ज्यानें दिलीं, त्या माणसाचें मत याच्या अगदीं उलट होतें. यंत्रांतील भाग नवे असण्याची गरज नाहीं, त्यांचा उपयोग नवा असला पाहिजे, असें तो म्हणे. त्याचें नांव गुनपेई योकोई. हें मत त्यानें कसें खरें करून दाखविलें, आणि तेंच मत धरून चालला असतांहि तो एकदां कसा ठेचाळला, हें पाहणें आजच्या गृहस्थाला उपयोगाचें आहे. कारण मोबाईल, संगणक किंवा मुलांचा खेळ विकत घेण्याचा प्रसंग घरोघरीं वारंवार येतो, आणि त्या वेळीं आंकड्यांचा मोह आवरणें सोपें नसतें.

योकोई यांचा जन्म १९४१ सालीं जपानांतील क्योटो शहरीं झाला. तेथीलच दोशिशा विद्यापीठांत विद्युत्-उपकरणांची विद्या शिकून १९६५ सालीं ते निन्टेंडो कंपनींत नोकरीस लागले. या कंपनीचें नांव आज व्हिडिओ गेमशीं जोडलें गेलें आहे. परंतु १८८९ सालीं ती निघाली तेव्हां फुलांचीं चित्रें असलेले ‘हानाफुदा’ नांवाचे जपानी पत्ते करणें हा तिचा धंदा होता. योकोई यांच्याकडे काम आलें तें पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचें. काम थोडें व वेळ फार, अशा स्थितींत त्यांनीं स्वतःच्या करमणुकीसाठीं एक खेळणें केलें. तिरप्या जोडलेल्या पट्ट्यांचा तो एक हात होता. मुठी दाबल्या कीं तो लांब होई व दूरची वस्तु पकडी. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस तो पडला. त्यांनीं नोकराला रागें न भरतां हीच वस्तु विक्रीसाठीं तयार करण्यास सांगितलें. १९६६ सालीं ‘अल्ट्रा हँड’ या नांवानें निघालेलें हें खेळणें दहा लाखांहून अधिक खपलें. त्यांत एकहि नवा शोध नव्हता. सुताराला, लोहाराला ठाऊक असलेली जोडणीच त्यांत होती. नवी होती ती गंमत.

पुढें योकोई यांच्या मताला जपानी भाषेंत सूत्राचें रूप मिळालें. त्याचा शब्दशः अर्थ ‘वाळलेल्या यंत्रविद्येचा आडवा विचार’ असा होतो. ‘वाळलेली’ हा शब्द मराठी कानाला उदास वाटेल. परंतु मूळ शब्दांत ‘कसाला लागून पक्की झालेली’ अशी छटा आहे, आणि आपल्या घरगुती भाषेंत तिला ‘मुरलेली’ म्हणणें अधिक शोभेल. कैरीचें लोणचें घातल्या दिवशीं आंबट, तिखट व खारट असें निरनिराळें लागतें. मुरल्यावर त्याची एक चव होते. यंत्रविद्येचेंहि तसेंच आहे. नवा शोध बाजारांत येतो तेव्हां तो महाग असतो, त्याचे दोष पुरते कळलेले नसतात, व तो दुरुस्त करणारीं माणसें थोडीं असतात. कांहीं वर्षांनीं तोच शोध अनेक कारखान्यांतून निघूं लागतो, किंमत उतरते, आणि उघडकीस आलेले दोष निस्तरले जातात. मग तो सामान्य माणसाच्या हातीं निर्धास्तपणें देतां येतो.

सूत्राचा दुसरा भाग ‘आडवा विचार’ हा होय. सरळ विचार करणारा मनुष्य कॅल्क्युलेटर पाहतो व त्याहून वेगवान कॅल्क्युलेटर कसा करावा याच्या मागें लागतो. आडवा विचार करणारा त्याच भागांपासून हिशेबाशीं कांहीं संबंध नसलेली कोणती वस्तु होईल, असा प्रश्न स्वतःला विचारतो. नुसती जुनी विद्या वापरणें म्हणजे काटकसर झाली. तिला दुसऱ्या वाटेनें नेणें ही कल्पकता झाली. दोन्ही एकत्र आलीं तरच सूत्र पुरें होतें.

कॅल्क्युलेटरचा दाखला येथें केवळ कल्पनेंतला नाहीं. जपानांत १९७० नंतरच्या दशकांत शार्प व कॅसिओ या कंपन्यांची कॅल्क्युलेटर स्वस्त करण्याची मोठी चुरस चालली होती. तिच्यामुळें द्रव-स्फटिकांचे, म्हणजे एलसीडी जातीचे, लहान पडदे व त्यांना चालविणाऱ्या चकत्या कवडीमोल होऊं लागल्या. अशा काळीं योकोई यांना आगगाडींत एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो कॅल्क्युलेटरचीं बटणें उगाच दाबून वेळ घालवीत होता, असें सांगतात. तेवढ्यावरून हातांत लपेल असें खेळयंत्र त्यांना सुचलें, आणि १९८० सालीं ‘गेम अँड वॉच’ बाजारांत आलें.

याची रचना पाहण्यासारखी आहे. आंकडे दाखविणाऱ्या घड्याळांत जशा ठराविक रेघा आधींच आंखलेल्या असतात व त्यांपैकीं हव्या त्या काळ्या होतात, तशाच या यंत्राच्या पडद्यावर माणसाच्या, चेंडूच्या ठराविक आकृति ठराविक जागीं आंखलेल्या असत. एकामागून एक आकृति काळी होत गेली कीं चेंडू हवेंतून चालल्याचा भास होई. खेळ संपला कीं तेंच यंत्र घड्याळ होऊन वेळ दाखवी. या मालिकेचे ४ कोटी ३४ लक्ष नग जगभर खपले. १९८२ सालीं तिच्यांतील ‘डाँकी काँग’ या खेळासाठीं योकोई यांनीं अधिक चिन्हाच्या आकाराची एक चपटी कळ योजिली. घडी घालून मिटणाऱ्या यंत्रावर उभा दांडा मावत नव्हता, म्हणून ही युक्ति निघाली. चार दिशांची ती कळ पुढें खेळयंत्रांच्या हातपट्ट्यांवर सर्वत्र रूढ झाली, व आजहि दिसते.

तथापि योकोई यांच्या मताची खरी परीक्षा १९८९ सालीं झाली. त्या वर्षाच्या एप्रिलमध्यें त्यांच्या विभागानें केलेला ‘गेम बॉय’ जपानांत विक्रीस आला. त्याचा पडदा हिरवट, त्यावर राखी रंगाच्या चारच छटा, मागें दिवा नाहीं. त्याची चकती १९७० नंतरच्या दशकांतच रूढ झालेल्या चकत्यांच्या घराण्यांतली. त्याच वर्षीं अमेरिकेंत ‘अटारी लिंक्स’ निघाला व पुढील वर्षीं जपानांत ‘सेगा गेम गिअर’ आला. या दोहोंचेहि पडदे रंगीत व मागून उजळलेले. शेजारी शेजारी ठेविलीं असतीं तर कोणाहि यंत्रप्रेमी माणसानें गेम बॉयला शेवटचा नंबर दिला असता.

परंतु घरांत आल्यावर हिशेब बदलला. रंगीत पडद्याच्या मागचा दिवा वीज भराभर खातो. म्हणून लिंक्स व गेम गिअर यांना सहा सहा पेन्सिल सेल लागत, आणि ते चार-पांच तासांत संपून जात. गेम बॉय चार सेलांवर पंधरा तास व कधीं त्याहूनहि अधिक चाले. अमेरिकेंत लिंक्सची किंमत सुमारें १८० डॉलर होती, तर गेम बॉयची सुमारें ९०. शिवाय तो हातांतून पडला तरी सहसा मोडत नसे. रंगाविषयीं योकोई यांचें म्हणणें मोठें मार्मिक होतें. फळ्यावर खडूनें दोन वर्तुळें काढून ‘हा बर्फाचा माणूस’ असें सांगितलें, तर पाहणाऱ्याला त्याचा पांढरेपणा आपोआप जाणवतो. मन खेळांत रमलें कीं उणा रंग तें स्वतः भरतें, असा त्याचा भावार्थ. गेम बॉय व १९९८ सालीं आलेली त्याची रंगीत आवृत्ति मिळून ११ कोटी ८६ लक्षांहून अधिक नग विकले गेले. गेम गिअरचा खप एक कोटीच्या आसपास राहिला, व लिंक्स त्याच्याहि फार मागें पडला.

या यशांत आणखी दोघांचा वांटा आहे. पहिला मॉस्कोचा. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन-केंद्रांत काम करणारे अलेक्सी पाजित्नोव्ह यांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘टेट्रिस’ हा खेळ रचिला. त्यांच्या संगणकाला चित्रें काढतां येत नव्हतीं. म्हणून वरून पडणारे तुकडे त्यांनीं कंसाच्या चिन्हांनीं दाखविले. साधनांच्या दारिद्र्यांत जन्मलेला हा खेळ राखी छटांच्या गेम बॉयवर जणू माहेरीं आल्यासारखा शोभला, आणि अमेरिकेंत व युरोपांत तो यंत्राबरोबरच देण्यांत आला. पुढें याच खेळाच्या स्वस्त नकलांचे ‘ब्रिक गेम’ हिंदुस्थानच्या बाजारांत इतके पसरले कीं १९९० नंतरच्या दशकांत शाळेंत जाणाऱ्या पुष्कळ मराठी मुलांना मूळ खेळाचें नांव ठाऊक नसतांहि त्याचे तुकडे पाठ होते. दुसरा वांटा सातोशी ताजिरी यांचा. दोन गेम बॉय जोडणारी एक साधी तार होती. ती पाहून, लहानपणीं किडे जमविणाऱ्या ताजिरी यांच्या मनांत आलें कीं या तारेंतून प्राणी एका यंत्रांतून दुसऱ्यांत जाऊं शकतील. त्या कल्पनेंतून १९९६ सालीं ‘पोकेमॉन’ निघाला. यंत्र तेव्हां सात वर्षांचें, म्हणजे त्या धंद्यांत म्हातारें झालें होतें. तारेचा हा आडवा उपयोग सांपडल्यावर त्याला नवें तारुण्य आलें.

येथवरची हकीकत ऐकून जुनें तेवढें सोनें असें कोणी ठरवील, तर तें चुकीचें होईल. याचा पुरावा योकोई यांच्याच चरित्रांत आहे. १९९५ सालीं त्यांचा ‘व्हर्च्युअल बॉय’ आला. डोळ्यांना लावावयाच्या या पेटींत लाल एलईडी दिव्यांची एक उभी ओळ व हलणारा आरसा यांच्या योगें चित्र उमटे. प्रत्येक डोळ्याला किंचित् निराळें चित्र दिसल्यानें खोलीचा भास होई. लाल दिवे स्वस्त व थोड्या विजेवर चालणारे, म्हणजे मुरलेलेच होते. त्यांचा उपयोगहि निराळा होता. तरीहि यंत्र पडलें. तें टेबलावर ठेवून त्यांत मान घालून बसावें लागे. लाल-काळ्या चित्रांनीं डोळे शिणत, कोणाचें डोकें दुखे. आणि शेजारीं बसलेल्या भावंडाला कांहींच दिसत नसे. सुमारें ७ लक्ष ७० हजार नग विकले गेल्यावर वर्षभराच्या आंतच तें बंद झालें. सूत्राचे दोन्ही भाग पाळले गेले होते. चुकला तो माणसाच्या मानेचा व डोळ्यांचा हिशेब. सूत्राला हा तिसरा भाग न बोलतां जोडलेला आहे, हें या अपयशानें दाखविलें.

१९९६ सालीं योकोई यांनीं निन्टेंडो सोडली व स्वतःची लहान संस्था काढली. तेथें बंदाई कंपनीसाठीं त्यांनीं एकाच पेन्सिल सेलवर चालणारें ‘वंडरस्वॉन’ हें यंत्र आंखलें. तें १९९९ सालीं बाजारांत आलें. पाहावयास ते राहिले नव्हते. १९९७ च्या ऑक्टोबरमध्यें हमरस्त्यावरील मोटार-अपघातांत, वयाच्या ५६ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. वंडरस्वॉनवरील एका खेळाला त्यांच्या स्मरणार्थ ‘गुनपे’ हें नांव देण्यांत आलें.

त्यांचें मत मात्र खेळापुरतें राहत नाहीं. २००३ सालीं निघालेला नोकियाचा ११०० हा मोबाईल आठवावा. त्याचा पडदा एकरंगी होता, छायाचित्राची सोय नव्हती. परंतु त्याचीं बटणें धुळीपासून सांभाळलेलीं होतीं, व त्याच्या टोंकाला एक लहानसा दिवा होता. दूरध्वनींत दिवा बसविणें हा शोध नव्हे; परंतु महाराष्ट्रांत भारनियमनाच्या रात्रीं ज्यांनीं त्या दिव्यावर काडेपेटी शोधली, त्यांना त्याची योग्यता सांगावयास नको. जगांत त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले.

कोणी विचारील कीं, सर्वांनींच मुरलेल्या विद्येची वाट पाहिली तर नवी विद्या मुरणार कशी? आक्षेप खरा आहे. कॅल्क्युलेटरवाल्यांनीं आधीं पैसा ओतला म्हणून योकोई यांना स्वस्त पडदा मिळाला. प्रयोगशाळेंत, रुग्णालयांत, अवकाशांत नव्याची कास धरलीच पाहिजे. परंतु घरगुती वस्तूंत दरवर्षीं नव्याच्या मागें धावण्याची किंमत केवळ आपल्या खिशांतून जात नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत सुमारें ६ कोटी २० लक्ष टन विजेच्या उपकरणांचा कचरा झाला, व त्यांतील एक-चतुर्थांशाहूनहि कमी भागाची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. त्या ढिगांत बिघडलेल्या वस्तूंबरोबर, केवळ शेजाऱ्याचा आंकडा मोठा झाला म्हणून टाकलेल्या वस्तूहि आहेत.

म्हणून दुकानांत उभें राहून मुलानें एखाद्या नव्या यंत्राचा हट्ट धरला, तर वडील माणसांनीं त्याला रागें भरूं नये, आणि आंकडेहि ऐकत बसूं नये. तीन गोष्टी विचाराव्या. या यंत्रानें असें काय करतां येईल कीं जें घरांतल्या यंत्रानें होत नाहीं? तें बिघडलें तर आपल्या गांवांत दुरुस्त होईल काय? आणि तासभर वापरल्यावर डोळे, मान व मन यांना बरें वाटेल काय? तिन्ही उत्तरें समाधानकारक मिळालीं तर यंत्र नवें असो वा जुनें, तें खुशाल घ्यावें. न मिळालीं, तर घरचें जुनें यंत्र मुलाच्या हातीं देऊन त्याचा कांहीं निराळा उपयोग शोधण्यास त्याला सांगावें. पत्त्यांच्या कारखान्यांतील एका रिकामटेकड्या तरुणाला नेमकी हीच सवलत मिळाली होती.