तीस जर्नल्स, एकच उत्तर

परीक्षेतल्या गैरप्रकारांचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतात त्या खिडकीतून आत फेकलेल्या चिठ्ठ्या आणि मागोमाग आलेले भरारी पथक. आम्हाला मात्र जर्नल्सचा एक गठ्ठा आठवतो. मुळशी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून गेलो होतो. समोर ३० जर्नल्स. साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वीय त्वरणाची किंमत २९ जणांनी ९८० किंवा ९८१ लिहिलेली (एकक सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग). एका मुलीचे उत्तर ९७४. त्याखाली लाल शाईत शेरा : 'चूक. प्रयोग पुन्हा करा.'

आता गंमत पाहा. ९८१ ही किंमत साधारण पॅरिस-लंडनच्या अक्षांशांवरची. विषुववृत्ताकडे आणि उंचीवर गेले की ती कमी होते. मुळशी १८.५ अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. इथे ती ९७८ च्या थोडी वर भरते. म्हणजे पुस्तकातले 'बरोबर' उत्तर मुळशीत बरोबर नाहीच.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. एक मीटर लांबीचा लंबक घेऊन आपण २० आंदोलनांचा वेळ मोजतो. तो सुमारे ४०.१७ सेकंद येतो. त्वरण ९८१ असते तर ४०.१२ आला असता. फरक फक्त एक विसांश सेकंदाचा! घड्याळाचे बटण दाबताना आपल्या हाताची चूक एक-दोन दशांश सेकंदांची असते. दोन दशांश चूक म्हणजे वेळात अर्धा टक्का; सूत्रात वेळेचा वर्ग असल्याने उत्तरात एक टक्का, म्हणजे दहा एकके. पाच-सहा वाचने घेऊन सरासरी काढली तरी चारेक एककांची चूक राहते. प्रामाणिक वर्गात उत्तरे ९७० पासून ९८७ पर्यंत विखुरलेली दिसायला हवीत. ९८० किंवा ९८१ फार तर पाच-सहा जणांचे यावे. २९ जणांचे येणे निसर्गाला जमणारे नाही.

मात्र इथे सावध राहावे लागते. गठ्ठा पाहून उत्तरे 'बसवली' आहेत एवढे कळते. कोणी बसवली हे कळत नाही. त्या २९ मध्ये पाचजण खरेही असतील. एकट्याचे ९८१ हा कोणाविरुद्धचा पुरावा नव्हे.

रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये मेंडेलच्या वाटाण्यांच्या आकड्यांना हीच कसोटी लावली. मेंडेलचे नियम खरे आहेत, यात शंका नाही. पण १८६६ च्या निबंधातले आकडे अपेक्षित प्रमाणाशी जरा जास्तच जुळत होते. फिशर यांचा कयास असा की, काय यायला हवे हे ठाऊक असलेल्या एखाद्या मदतनिसाने ते जुळवले असावेत. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. आम्हाला तो मदतनीस ओळखीचा वाटतो. आपल्या प्रयोगशाळेत तो दरवर्षी प्रवेश घेतो.

नियम काय म्हणतात? महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकार रोखण्याचा कायदा १९८२ पासून आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समितीची तरतूद आहे, आणि तिच्या कक्षेत विद्यार्थ्यांबरोबर प्रश्नपत्रिका काढणारे आणि परीक्षकही येतात. हे आपण शिक्षक सहसा विसरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम प्रबंधांच्या वाङ्मयचौर्याविषयी आहेत. अवतरणे आणि संदर्भसूची वगळून १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही; ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा; ६० पर्यंत असेल तर वर्षभर बंदी; त्यापुढे नोंदणी रद्द. हे साम्य शोधणारा संगणक शब्दांच्या ओळी जुळवून पाहतो. मनाने लिहिलेले ४०.१२ सेकंद त्याला दिसत नाहीत.

ते दिसू शकतात फक्त प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या शिक्षकाला. त्या मुलीच्या बाबतीत आम्ही तिची कच्ची वही मागवली. खाडाखोड होती, एक वाचन काट मारून पुन्हा घेतले होते, आणि त्या आकड्यांतून खरोखरच ९७४ येत होते. तिला पूर्ण गुण दिले. तिथल्या सरांना शेऱ्याबद्दल विचारले, तेव्हा ते मोकळेपणाने म्हणाले, "उत्तर जुळले नाही तर परीक्षक गुण कापतात, म्हणून आम्हीच आधी जुळवून घेतो." म्हणजे दोष आमच्यासारख्यांकडेही आलाच.

पुढच्या वर्षी सरांनी कळवले ते असे. वाचने शाईनेच लिहायची, तास संपण्यापूर्वी त्यांवर सही घ्यायची आणि उत्तराला गुणच ठेवायचे नाहीत. गुण वाचनांना, आकडेमोडीला आणि चूक किती असावी या अंदाजाला. त्या वर्षी वर्गाची उत्तरे ९६९ ते ९८८ अशी आली, सरासरी ९७७. फळ्यावर सगळी मांडल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग पुस्तकात ९८१ कुठून आले?" तो तास त्यांनी अक्षांशावर घेतला.